लसीकरणाच्या शेवटच्या डोसाला आया येत नाहीत, मेसेज काय पाठवू? (आणि 'नज'नं खरंच काही होतं का?)

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बालआरोग्य प्रकल्पावर आहे. देश मुद्दाम सांगत नाही, कारण हाच प्रश्न कितीतरी देशांत जसाच्या तसा आहे. बाळाचे पहिले डोस व्यवस्थित होतात, आया बाळाला कडेवर घेऊन लांबून चालत येतात, आणि मग शेवटी शेवटी गळती सुरू होते. निधी देणाऱ्यांनी सांगितलंय की यंदा प्रकल्पात 'वर्तनविज्ञानाचा घटक' हवाच, म्हणजे 'नज', सक्ती न करता माणसाला हलकेच हव्या त्या दिशेला वळवणं. माझ्या वाट्याला काय आलंय तर मोबाईलवर जाणाऱ्या मेसेजचे चार नमुने लिहायचे आणि कोणता जास्त चालतो ते तपासायचं. एकात आजाराची भीती, एकात 'तुमच्या वस्तीतल्या बहुतेक आयांनी डोस पूर्ण केलेत', एकात नुसती तारीख, एकात बाळाचं नाव.

मला हा विषय मनापासून आवडतो, म्हणूनच ह्या कामाला आले. माणूस जसा कागदावर असतो तसा वागत नाही हे धोरण आखणाऱ्यांना कुणीतरी सांगायलाच हवं होतं. पण गेले काही दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. चारही मेसेज लिहिताना आम्ही आधीच धरून चाललोय की अडचण आईच्या डोक्यात आहे. ती विसरते, घाबरते, टाळते. हे कुणी बघितलं का?

ज्यांनी असं काम केलंय, कुठेही, त्यांनी लिहा. मजकुराबद्दल थेट सल्ला असेल तर तोही हवाय, मला महिनाअखेर नमुने द्यायचेत.

आकडेमोड

चांगला धागा. आधी थेट प्रश्नाचं उत्तर देतो.

आठवण करून देणं चालतं, ह्यात मला शंका नाही. केनियात एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांवर प्रयोग झाला होता, २०११ मध्ये छापून आला. आठवड्यातून एकदा मेसेज गेलेल्यांपैकी ५३ टक्के लोकांनी ९० टक्के तरी गोळ्या नेमानं घेतल्या, मेसेज न गेलेल्यांत हे प्रमाण ४० टक्के. गंमत म्हणजे रोज मेसेज पाठवले त्या गटात असा फरक पडला नाही. रोजचा मेसेज माणूस बघायचंच सोडतो. तेव्हा मोजके पाठव, मजकूर छोटा ठेव, आणि तारीख-वार-जागा स्पष्ट लिही. भीतीचा नमुना मी तरी गाळीन.

आता माझा प्रश्न. 'शेवटी शेवटी गळती' म्हणजे नक्की कुठल्या डोसाला? डोसवार आकडे आहेत का? हळूहळू उतरतोय की एका ठिकाणी एकदम कडा कोसळलाय? हे माहीत नसताना चार मेसेजची तुलना करणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

चकवा

नजला मराठीत काय म्हणायचं पण?

झुळूक

चकवा, कोपरखळी! शब्दशः तेच, कोपरानं हलकेच ढोसणं.

चकवा

पण कोपरखळीत टोमणा आलाच की. सरकार टोमणे मारतंय असं वाटेल. :)

झुळूक

मग टोचणी म्हणा. लसीकरणाच्या धाग्यावर शोभून दिसेल.

खडूफळा

मी जरा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी मुलांना हा विषय शिकवताना माझा स्वतःचा उत्साह थोडा थोडा कमी होत आलाय.

२००८ मध्ये अर्थतज्ज्ञ थेलर आणि कायदेतज्ज्ञ सनस्टीन यांचं 'नज' हे पुस्तक आलं, २०१० मध्ये ब्रिटिश सरकारनं मंत्रिमंडळ कार्यालयात वेगळी टीम बसवली, कर थकवलेल्यांना 'बहुतेक लोक वेळेत भरतात' अशी पत्रं गेली आणि पैसे लवकर आले. मग जगभर लाट आली. जागतिक बँकेचा २०१५ सालचा अख्खा वार्षिक विकास अहवाल ह्याच विषयावर निघाला. २०१५ मध्येच ओबामांनी सरकारी खात्यांना वर्तनविज्ञान वापरण्याचा आदेश काढला. २०१७ मध्ये थेलरना नोबेल. सगळं खरं.

पण परिणाम किती? २०२२ मध्ये डेलाव्हिन्या आणि लिनोस यांनी अमेरिकेतल्या दोन मोठ्या नज टीमचे १२६ प्रयोग एकत्र मोजले, त्यात २ कोटी ३० लाख माणसं होती. नियतकालिकांत छापून येणाऱ्या प्रयोगांत सरासरी परिणाम ८.७ टक्के बिंदूंचा (म्हणजे शंभरांत ८.७ माणसं जास्त) दिसतो, ह्या टीमच्या सगळ्या प्रयोगांची सरासरी फक्त १.४. कारण नियतकालिकं चमकदार निकाल छापतात आणि फसलेले प्रयोग कपाटात राहतात. त्याच वर्षी आणखी एक मोठी बेरीज छापून आली, तिच्यात परिणाम बरा दिसत होता, पण दुसऱ्या संशोधकांनी न छापलेल्या निकालांची तूट धरून हिशोब मांडला तर फारसं काही उरेना.

माझा खरा आक्षेप मात्र परिणाम लहान असण्यावर नाहीये. चेटर आणि लोवेनस्टाइन हे दोघं ह्याच क्षेत्रातले जुने लोक, त्यांनीच लिहिलंय की आपण सगळे माणसाला दुरुस्त करायच्या नादात व्यवस्था दुरुस्त करायचं विसरलो. 'तुमचा वैयक्तिक कार्बन ठसा मोजा' ही कल्पना एका तेल कंपनीनं जाहिरातीतून पसरवली, ह्याहून बोलकं उदाहरण काय हवं? मेसेज स्वस्त, दवाखाना महाग. म्हणून मेसेज निवडला जातो आणि अहवालात 'नावीन्यपूर्ण' असं लिहिलं जातं.

पाऊलवाट, तुमची शंका रास्त आहे. ती सोडू नका.

आकडेमोड

खडूफळा सर, आकडे बरोबर, निष्कर्ष नाही पटला. १.४ टक्के बिंदू म्हणजे काहीच नाही असं कसं म्हणता? पत्राचा मजकूर बदलायला जवळजवळ काही खर्च नाही. दहा लाख बाळांमागे १४ हजार बाळं वाढली तर मी तो मेसेज दरवर्षी पाठवीन. आणि मेसेज पाठवला म्हणून दवाखाना बांधू नका असं कुणी म्हणतं का?

खडूफळा

तोंडानं कुणी म्हणत नाही. वेळ, माणसं आणि बैठका मात्र मेसेजवर जातात. पाऊलवाट यांच्या प्रकल्पातच बघा की. चार नमुने लिहायला माणूस नेमलाय, दवाखान्यात जाऊन बसायला कुणी नेमलंय का?

मुक्कामपोस्ट

मी पंधरा वर्षं वेगवेगळ्या देशांतल्या प्रकल्पांवर घालवली, शेती आणि आरोग्य दोन्ही. वरच्या भांडणात दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात असं म्हणून सुटणार नाही, मला खडूफळांशी थोडं भांडायचंय. सर, तुम्ही वर्तनविज्ञान म्हणजे मेसेज असं धरलंत. विकासाच्या कामात ज्या गोष्टी खरोखर चालल्या त्यांत मेसेज फार कमी आहेत.

पश्चिम केनियात शेतकऱ्यांना खत परवडतं, उपयोग माहितीय, पुढच्या हंगामात वापरायचंय असं ते स्वतः सांगतात, आणि पेरणीच्या वेळी हातात पैसे नसतात. डुफ्लो, क्रेमर आणि रॉबिन्सन यांनी काय केलं, पीक विकून पैसे हातात असतानाच थोड्या दिवसांसाठी खत विकायला ठेवलं, आणि घरपोच फुकट. किंमत तीच. हंगामाच्या तोंडावर निम्म्या किमतीत खत दिल्यानं जेवढा वापर वाढला असता साधारण तेवढा ह्यानं वाढला. इथे शेतकऱ्याला शहाणपण शिकवलं नाही, विक्रीची वेळ बदलली.

पाण्याचंही तसंच. क्लोरीनची बाटली घरी नेऊन घाला म्हटलं तर फार थोडे घालतात. तेच क्लोरीनचं यंत्र पाणवठ्यावरच बसवलं, नळ फिरवला की मापात पडतं, पैसे नाहीत, आणि बाजूला शेजारीण बघतेय. वापर ६० टक्क्यांच्या घरात गेला.

आणि मच्छरदाण्या. आमच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं ठाम समज होता की फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही, थोडे तरी पैसे घ्याच. कोहेन आणि डुपास यांनी केनियातल्या गरोदर बायकांच्या दवाखान्यांत तपासलं. किंमत शून्यावरून ६० सेंटवर नेली तर घेणाऱ्या ६० टक्के बिंदूंनी घटल्या, आणि फुकट घेतलेल्यांनी वापर कमी केला असं काही दिसलं नाही. हा समज किती वर्षं किती बाळांना महागात पडला असेल याचा विचार करवत नाही.

हे सगळं माझ्या दृष्टीनं वर्तनविज्ञानच. माणसाला ढोसत नाही, वाटेतला दगड उचलतं.

झुळूक

मुक्कामपोस्ट, 'वाटेतला दगड उचलतं' आवडलं. चकवा, घ्या तुमचा मराठी शब्द.

चकवा

दगडउचल. ठरलं.

अवांतर थांबवून खरं लिहितो. माझा अनुभव अर्जांचा आहे. एका कार्यालयात आईच्या पेन्शनसाठी सात खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला नवीन कागद. सातव्या खेपेला आई म्हणाली राहू दे, नको मला. ती कंटाळली म्हणून तिला पेन्शनची गरज नव्हती असं होतं का? पण त्यांच्या नोंदीत 'अर्जदारानं पाठपुरावा केला नाही' असंच आलं असणार.

हे आठवायचं कारण, अमेरिकेत कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या अर्जावर एक प्रयोग झाला होता. कर भरून घ्यायला आलेल्या कुटुंबांना तिथल्या तिथे अर्ज भरून दिला, त्यांच्या मुलांचं कॉलेजात जाण्याचं प्रमाण ८ टक्के बिंदूंनी वाढलं. ज्यांना नुसतं तुम्हाला किती मदत मिळेल ते सांगितलं आणि अर्ज स्वतः भरा म्हटलं, त्यांच्यात काही फरक नाही. थेलर अशा अडथळ्यांना स्लज म्हणतात. गाळ. तो साचतो कसा ते खिडकीच्या बाहेर उभं राहणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

तिसरा डोळा

मला एक वेगळीच बाजू मांडायचीय. कुणी कुणाला ढोसायचं, हे कोण ठरवतं?

उघड्यावर शौच थांबवण्यासाठी २००० च्या सुमारास बांगलादेशात कमल कार यांनी एक पद्धत सुरू केली. गावातल्या लोकांना बरोबर घेऊन गावभर फिरायचं, घाण कुठे आहे ते त्यांनाच दाखवायला लावायचं, माश्या तिथून अन्नावर कशा येतात ते त्यांच्याच तोंडून वदवायचं. किळस आणि लाज ह्या दोन भावनांवर ती उभी आहे. अनुदान नाही, लोकांनी स्वतः संडास बांधायचे. कितीतरी देशांनी उचलली आणि अनेक ठिकाणी चालली. पण लाज नावाचं हत्यार एकदा हातात दिलं की ते कुणावर चालेल? ज्याच्याकडे जागाच नाही, जी म्हातारी एकटी राहते, तिच्यावर. काही ठिकाणी लोकांना शिट्ट्या वाजवून पळवलं, नावं जाहीर केली अशा तक्रारी झाल्यात.

पाऊलवाट, तुझ्या दुसऱ्या नमुन्यात 'बहुतेक आयांनी डोस पूर्ण केलेत' असं आहे. जी आई येऊ शकली नाही तिला हे वाचून काय वाटेल याचा विचार केलास का? आणि ते वाक्य खरं आहे का? बहुतेकींनी पूर्ण केलेच नसतील तर आपण सरकारी शिक्क्यानं खोटं बोलतोय.

पाऊलवाट

तिसरा डोळा, थांबले वाचताना. खरं सांगायचं तर शेवटच्या डोसाबाबत ते वाक्य खरं नाहीये. नमुना काढून टाकतेय. आकडेमोड, डोसवार आकडे मागवलेत.

आकडेमोड

लाजेशिवायही भावना वापरता येतात हे नोंदवून ठेवतो. आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात हात धुण्याची एक मोहीम झाली, 'सुपर अम्मा' नावाची, २०१४ मध्ये तिचा अभ्यास छापला. रोगजंतूंबद्दल व्याख्यान नाहीच. मुलाला चांगलं वाढवणारी आई, घाणीची किळस, आणि सगळेच धुतात ही भावना, एवढ्यावर. सहा महिन्यांनी मोहीम झालेल्या गावांत मोक्याच्या वेळी साबणानं हात धुण्याचं प्रमाण ३७ टक्के, इतर गावांत ६ टक्के. आणि लोक काय सांगतात ते विचारलं नव्हतं, घरात बसून प्रत्यक्ष बघितलं होतं. फक्त १४ गावं होती हे खरं, पण बघण्यासारखं काम आहे.

झुळूक

मी मानववंशशास्त्राची, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०१४ ची पश्चिम आफ्रिकेतली इबोलाची साथ आठवा. मृतदेहाला हात लावल्यानं लागण होत होती, म्हणून पांढऱ्या पोशाखातली माणसं यायची आणि देह उचलून न्यायची. लायबेरियात तर दहनाची सक्ती झाली. लोकांनी काय केलं? आजारी माणसं आणि मृतदेह लपवले, रात्री गुपचूप पुरले. बाहेरच्यांना वाटलं हे अडाणी आहेत, यांना माहिती द्या, पोस्टर लावा. पण त्यांना साथ कळत होती. आपल्या माणसाला निरोप न देता फेकून द्यायचं हे त्यांना जमत नव्हतं, आणि कुणाला जमेल हो?

नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नवीन पद्धत जाहीर केली, तिच्या नावातच सुरक्षित आणि सन्मानानं असे दोन्ही शब्द आले. घरच्यांना आधी विचारायचं, धर्मगुरूंना बोलवायचं, लांबून का होईना घरच्यांना प्रार्थना करू द्यायची. ही गोष्ट जिवंत माणसांशी बोलून कळली, प्रयोगशाळेत कळली नसती.

खडूफळा

झुळूकताई, अगदी. आणि प्रयोगशाळेचं म्हणाल तर २०१० मध्ये हेनरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मानसशास्त्राच्या अभ्यासांतली ९६ टक्के माणसं अशा देशांतली असतात जिथे जगातले फक्त १२ टक्के लोक राहतात. बहुतेक श्रीमंत पाश्चात्त्य देश. त्यांच्यावरून काढलेले नियम आपण 'मानवी स्वभाव' म्हणून उरलेल्या ८८ टक्क्यांना लावतो.

शिवाय काही नियम मुळातच खोटे निघाले. अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी वरती घेतली तर लोक जास्त प्रामाणिक माहिती भरतात असा २०१२ चा प्रसिद्ध अभ्यास होता, मी स्वतः तो कितीतरी बॅचेसना शिकवला. २०२१ मध्ये त्यातला गाड्यांच्या विम्याचा डेटा बनावट असल्याचं उघड झालं आणि लेख मागे घेतला गेला. पुढच्या बॅचला हे सांगायला उभा राहिलो तेव्हा फार वाईट वाटलं.

मुक्कामपोस्ट

सर, वाईट वाटणारच. पण उघड करणारेही ह्याच क्षेत्रातले होते ना.

नोंदवही

मी फारशी लिहीत नाही इथे. निवृत्त परिचारिका, अकरा वर्षं फक्त लसीकरण बघितलं. तुमचे अभ्यास मी वाचलेले नाहीत. एकच विचारते. गळती गोवराच्या लशीला आहे का?

पाऊलवाट

नोंदवहीताई, तुम्हाला कसं कळलं??

आकडे आजच आले. पेंटाच्या (पाच आजारांवरच्या एकत्र लशीच्या) तिसऱ्या डोसापर्यंत जवळजवळ सगळी बाळं टिकतात. गोवराला एकदम घसरण. आकडेमोड म्हणाला तसा कडाच कोसळलाय. आमच्या बैठकीत यावर चर्चा झाली ती अशी, की मधे बरेच महिने जातात म्हणून आया विसरतात, शिवाय गोवराच्या लशीबद्दल अफवा असतील.

नोंदवही

विसरत असतीलही काही. पण मी सांगते ते तपासून बघ.

गोवराची लस पावडर असते, पाण्यात कालवावी लागते. एका व्हायलमध्ये, म्हणजे लशीच्या छोट्या बाटलीत, बरेच ठिकाणी दहा डोस. एकदा कालवली की सहा तासांत किंवा सत्र संपेपर्यंत, जे आधी होईल तेव्हा, उरलेली फेकायची. पेंटाचं तसं नाही, ती पातळ असते, उघडलेली व्हायल नीट थंड ठेवली तर पुढच्या सत्रांनाही चालते. आता सकाळपासून गोवराची दोनच बाळं आलीत. व्हायल फोडली तर आठ डोस वाया. महिन्याच्या तक्त्यात 'वाया गेलेले डोस' असा रकाना असतो, त्यावर वरून विचारणा होते. 'परत पाठवलेली बाळं' असा रकाना मी कधी बघितला नाही. मग सिस्टर काय करते? म्हणते, ताई पुढच्या वेळी या, अजून काही बाळं जमली की देते.

मी स्वतः केलंय हे. एका आईला दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा ती आली नाही. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. एका बाळासाठी सुद्धा व्हायल उघडा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे हे मला फार नंतर एका प्रशिक्षणात कळलं.

आकडेमोड

बापरे. म्हणजे मेसेज वाचून आई येणार आणि पुन्हा परत जाणार. मेसेज चालला तरी नुकसानच.

तिसरा डोळा

आणि त्यानंतरच्या मेसेजवर ती कधीच विश्वास ठेवणार नाही.

मुक्कामपोस्ट

नोंदवहीताई, तुमचा प्रतिसाद मी छापून भिंतीवर लावणार आहे.

उदयपूर जिल्ह्यातला अभ्यास आता वेगळ्या नजरेनं आठवतोय. बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकारी, २०१० मध्ये छापला. तो नेहमी 'एका डोसाला एक किलो डाळ दिली आणि लसीकरण वाढलं' असा सांगितला जातो. पूर्ण लसीकरण झालेली बाळं साध्या गावांत ६ टक्के होती, शिबिर आणि डाळ दोन्ही असलेल्या गावांत ३९. पण मधला आकडा कुणी सांगत नाही. डाळ नाही, फक्त ठरल्या दिवशी नक्की भरणारं शिबिर, तरी १८ टक्के. तिथे उपकेंद्रातल्या परिचारिका ४५ टक्के वेळा जागेवर नसायच्या. म्हणजे नुसतं 'आलात तर लस मिळेल' एवढं खरं झाल्यावर प्रमाण तिप्पट झालं. आणि डाळ दिल्यानं पूर्ण लसीकरणाचा दर बाळामागचा खर्च ५६ डॉलरवरून २८ वर आला, कारण गर्दी झाली आणि सिस्टरचा दिवस रिकामा गेला नाही. दहा बाळं एकदम जमण्याचा प्रश्न तिथेही त्यानं सुटला असणार, असं आता वाटतंय.

झुळूक

खडूफळांनी उल्लेख केलेल्या जागतिक बँकेच्या २०१५ च्या अहवालात एक प्रकरण त्यांच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांवर आहे, ते मला फार धाडसाचं वाटतं. त्यांना विचारलं, नैरोबीतल्या गरीब लोकांना लशींमुळे वंध्यत्व येतं असं वाटत असेल का? बहुतेक गरिबांना तसं वाटतं असं ४२ टक्के कर्मचारी म्हणाले. प्रत्यक्ष विचारलं तेव्हा ११ टक्के लोकांना तसं वाटत होतं.

पाऊलवाट, तुमच्या बैठकीतल्या 'अफवा असतील' वरून आठवलं.

खडूफळा

मला माझं म्हणणं थोडं दुरुस्त करावं लागेल. मी माणूस आणि व्यवस्था असे दोन कप्पे केले होते. पण सिस्टर व्हायल फोडत नाही, हेही वर्तनच आहे. तोटा डोळ्यांना दिसतो, आणि न दिलेली लस दिसत नाही. तक्त्यातला एक रकाना तिला रोज ढोसतोय. म्हणजे नज आधीपासून आहेच, चुकीच्या दिशेनं आहे.

आकडेमोड

सर, मग तुम्हाला आवडेल असं उदाहरण. इंग्लंडमध्ये जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या डॉक्टरांना मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र गेलं, की तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी लिहितात. सहा महिन्यांत ३.३ टक्के घट. पेशंटला एक शब्द नाही. ढोसायचंच तर खुर्चीतल्या माणसाला ढोसा.

तिसरा डोळा

फक्त सिस्टरला लाज वाटेल असं पत्र नको. ती बिचारी दोन्हीकडून मधे आहे.

पाऊलवाट

नऊ दिवसांनी येतेय, माफ करा. दोन केंद्रांवर जाऊन बसले होते, वहीशिवाय, बाकावर आयांच्या रांगेत.

नोंदवहीताई म्हणाल्या तेच. पहिल्या केंद्रावर सकाळी गोवरासाठी तीन आया आल्या, तिघींना पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. एक माझ्याशेजारीच बसली होती, तिची ही दुसरी खेप. ती चिडलेली नव्हती, तेच मला जास्त लागलं. म्हणाली, इथलं असंच असतं. दुपारी सिस्टरशी बोलले. आधी म्हणाल्या आम्ही कुणाला परत पाठवत नाही. मग मी नोंदवहीताईंची गोष्ट सांगितली, नाव न घेता. त्या गप्प झाल्या आणि कपाटातून मागच्या वर्षीची नोटीस काढून दाखवली, वाया गेलेल्या डोसांबद्दल खुलासा मागणारी. ती त्यांनी जपून ठेवलीय.

कार्यालयात परत येऊन मांडलं. सगळ्यांना पटलं असं नाही. एक वरिष्ठ म्हणाले हा पुरवठ्याचा प्रश्न झाला, आपला घटक वर्तनाचा आहे. तेव्हा मी खडूफळा सरांचं वाक्य जसंच्या तसं वापरलं, सर, परवानगी न घेता. शेवटी एवढं मिळालं: बारा केंद्रांवर तक्त्यात 'लस न देता परत पाठवलेली बाळं' हा रकाना येणार, एका बाळासाठीही व्हायल उघडा असं जिल्ह्याच्या सहीचं लेखी पत्र सिस्टरच्या हातात असणार, आणि गोवराचं सत्र महिन्यातल्या दोन ठरलेल्या दिवशीच, म्हणजे बाळंही एकत्र येतील. पाच डोसांच्या लहान व्हायल मागवायचं अजून चर्चेत आहे.

मेसेजचे नमुने मी मागे घेतले. एकच पाठवायचा असं ठरलंय, आणि तोही केंद्रांवर पत्र पोचल्यानंतर. मजकूर असा लिहिलाय, सुधारून द्या:

'गोवराची लस ह्या मंगळवारी, सकाळी नऊ ते दुपारी दोन. एकटं तुमचंच बाळ आलं तरी लस मिळेल.'

नोंदवही

मजकूर चांगला आहे. 'मागे परत जावं लागलं असेल तरी या' एवढं जोड. ज्या दोनदा जाऊन आल्यात त्यांच्यासाठी.

आणि त्या सिस्टरना ती नोटीस फाडायला सांग.

आकडेमोड

बारापैकी सहा केंद्रांवर आधी सुरू करता येईल का, चिठ्ठ्या टाकून? उरलेल्या सहांवर तीन महिन्यांनी. म्हणजे फरक पडला की नाही ते कळेल तरी.

तिसरा डोळा

तीन महिने सहा केंद्रांवर बाळं परत पाठवू द्यायची, माहीत असून?

आकडेमोड

...नाही, बरोबर आहे तुझं. पत्र बाराही ठिकाणी एकाच दिवशी जाऊ दे. चिठ्ठ्या मेसेजच्या टाकू. मेसेज कुठल्या वेळी पाठवायचा, आदल्या संध्याकाळी की त्याच दिवशी सकाळी, ते तपासू.

पाऊलवाट

हे जमेल. नोंदवहीताई, तुमची ओळ घातली. सिस्टरना उद्या फोन करते.